फोटो बारीक कर

धडगाव,
४ मे २०२५

चि. हेमकांत यास रुपाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आखाजीच्या सणाहून परतले, पण मन अजून माहेरी ब्राह्मणपुरीतच आहे. आईच्या हातच्या सांजोऱ्या संपल्या. तुझ्या दाजींनी शेवटची लपवून खाल्ली आणि मलाच विचारलं, संपल्या का गं?

सोबत मेमरी कार्ड आहे. आखाजीला दारात काढलेला फोटो त्यात आहे: मध्ये आई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुझी मंगला. आईला तो कमरेच्या बटव्यात ठेवायचाय. मोबाइल तिला उघडता येत नाही, आणि भिंतीवरच्या फोटोशी बोलायला सारखं कोण उठेल, असं म्हणते. तेव्हा फोटो चांगला बारीक कर, पण चेहरे स्पष्ट राहू देत. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. मागे व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोचा पार लगदा झाला होता, म्हणून या खेपेला कार्डच जामसिंगभाऊंच्या जीपने पाठवतेय. एक प्रत मलाही धाड.

काजलच्या साखरपुड्याची तयारी कुठवर आली? आत्या आहे मी तिची, मला शेवटी कळवू नकोस.

मंगलाला आशीर्वाद. माया आहेच, ती राखावी.
तुझी,
रुपाताई


नंदुरबार,
९ मे २०२५

ती. रुपाताईस हेमकांतचा सा. न. वि. वि.

फोटो तयार झाला. आईची प्रत गावी पोचती केली, तुझी सोबत आहे. मूळ फाईल बाजूला ठेवून कॉपीवर काम केलं. एकदम लहान केला की फोटो मऊ पडतो, म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवला आणि शेवटी शार्पनेसचा नुसता हात फिरवला. जास्त दिला असता तर आईच्या सुरकुत्या नांगरटीसारख्या दिसल्या असत्या. आता बघ, तिच्या नथीचे मोतीसुद्धा मोजून घे.

आणि हो, तू बारीक कर म्हणालीस, म्हणून तुलाही थोडी बारीक केली! स्टुडिओत येणारी प्रत्येक बाई आधी तेच सांगते, भाऊ, जराशी बारीक करी दे. बोटांना सवयच लागलीय. दाजींना दाखव, ओळखतात का बघ. काजलच्या होणाऱ्या सासूबाई, आपल्या शहाद्याच्या विहीणबाई, परवा दुकानात आल्या होत्या. त्यांनाही फोटो फार आवडला.

साखरपुडा एकतीस तारखेला. चार दिवस आधी ये. तुझ्या हाताशिवाय काही होणार नाही.

कृपा असू द्यावी.
तुझा,
हेमकांत


धडगाव,
१६ मे २०२५

चि. हेमकांत यास आशीर्वाद.

परवा भर दुपारी आई माझ्या दारात उभी. एकटी! म्हसावदहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून सगळा घाट चढून आली. हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. आत येईना, पाणी घेईना. आधी माझे दंड चाचपले, गाल चाचपले, आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागली. तुझा फोटो पाहून तिने धरलं होतं की, मन्ही पोर गळी गयी, तिले काहीतरी मोठं दुखणं शे, अन् तुम्ही मन्हापासून दपाडी ऱ्हायनात; म्हणजे आपण तिच्यापासून लपवतोय. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं तिच्या.

मेल्या, आपल्या घरात फोटो बारीक कर म्हणजे लहान कर, हे तुला ठाऊक नाही? बरं, शब्द चुकला म्हणू. मग शेजारी मंगला माझ्याइतकीच भरलेली आहे, तिला का नाही हात लावलास? ती जशीच्या तशी, आणि मी तेवढी काडी! विचार कर आणि मला कळव.

साखरपुड्याला मी येणार नाही. तुझ्या विहीणबाई फोटोतली आत्या शोधतील, ती कुठून आणू? आई सध्या माझ्याकडेच आहे.

रुपाताई


नंदुरबार,
२० मे २०२५

ती. रुपाताईस सा. न. वि. वि.

शब्द कळला होता, ताई. सवयीचं लिहिलं तेही खोटं.

मागे शहाद्याच्या विहीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, मंगला काय, ती बाहेरून आलेली. पण पोरी आत्यावर जातात, तुमच्या घरच्या बायकांचा बांधा कसा आहे? मी हसून वेळ मारून नेली. तुझा फोटो आला, आणि तुझ्या चिठ्ठीतला तो एक शब्द मला सोयीचा सापडला. त्या यायच्या दिवशी फोटो मुद्दाम काउंटरवर ठेवला होता. मला तुझी लाज वाटली. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यासाठी ज्या बहिणीने दाजींशी भांडण मांडलं, तिची! आणि त्यापायी आईला उपाशी घाट चढायला लावला. आता आरशात बघवत नाही.

काल मूळ फोटो घेऊन शहाद्याला गेलो. सांगितलं, माझी बहीण ही आहे, तो फोटो मी बिघडवला होता. विहीणबाईंनी फोटो पाहिला, परत केला. मग चहा दिला. लग्न राहील की मोडेल, मला ठाऊक नाही. काजलला सगळं सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. आत्या नसेल तर मी पाटावर बसणार नाही, एवढंच तिने मंगलाकडून कळवलंय.

शिव्या दे, पण ये. तुझ्या मानाची साडी-ब्लाउज घ्यायचंय, माप कळव.
तुझा अपराधी,
हेमकांत


धडगाव,
२४ मे २०२५

चि. हेमकांत यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून खूप रागावले. मग रडले. मग एक गोष्ट तुला लिहायलाच हवी असं वाटलं. आईला अजून सांगितलेली नाही.

तो फोटो आला तेव्हा मला राग आलाच नव्हता रे. मी तो आरशाच्या कडेला खोवून ठेवला होता. ऑफिसात नेला, बायकांना दाखवला, आखाजीला काढलेला म्हणून मिरवला. आई दारात दिसली तेव्हा पहिलं काय केलं असेल, तर तो काढून पदराखाली लपवला. जी बाई बघून आईचा जीव उडाला, ती मला माझ्याहून बरी वाटली होती. मग तुला एकट्याला कोणत्या तोंडाने बोलू?

मी येते. आई आणि मी, दोघी सत्तावीसला निघतो. विहीणबाईंना काय बघायचं ते समोरासमोर बघू देत. लग्न माझ्या अंगावरून मोडत असेल, तर ते घर आपल्या काजलचं नव्हेच.

ब्लाउजचं माप मागच्या पानावर लिहिलंय. आईनेच घेतलं, दोऱ्याने. मी पोट आत घेतलं, तर पोट मझार ओढू नको, असं मला दोनदा ओरडली.

घरातल्या सगळ्यांना माया, आणि तुलाही.
तुझी,
रुपाताई