मरियामातेच्या तसबिरीमागची किल्ली

बर्नी,

तुला फोन लावला तर तो इथे टेबलावरच वाजला. शिकारीहून आलास की आधी हे वाच.

सकाळी जपमाळेला बसले तेव्हा मरियामातेची तसबीर तिरकी दिसली. मागे बंदुकांच्या कपाटाची किल्ली नव्हती. कपाट उघडं आहे, तुझं पिस्तूल नाही; पहाटे तू शिकारीची बंदूक काढून कुलूप लावलंस तेव्हा ते आतच होतं. आपला टॅड शाळेच्या बसने केव्हाच गेला.

काल जेवताना तू म्हणालास, "कायदे कसले करतात! बापाने बंदूक शिकवलेलं पोर चुकत नाही." मी म्हटलं, "नेम धरायला शिकवलंस रे, पण त्याच्या मनात काय चाललंय ते कधी विचारलंस?" तू हसलास, "ते तुझ्या मरियामातेला विचार." टॅड मान खाली घालून बटाटे चिवडत होता.

मी शाळेला आणि पोलिसांना कळवलंय. जप अर्धाच राहिला, माळ हातात घेऊन शाळेकडे निघालेय. पोलीस घरीही येतील. कपाटाला हात लावू नकोस. आणि "आमचा टॅड तसा नाही" असं त्यांना सांगत बसू नकोस. फोनवर माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. देवाने बळ दिलं, म्हणून आधी टॅडचं नाव सांगितलं.

लोरेटा