अंगठ्याचं नख

आई, आज शाळेला सुट्टी होती म्हणून तलासरीहून घोलवडला आले. वाडीत चिकूचा तोडा चालू आहे. उतरवलेल्या चिकूंचा ढीग पडवीत ओतला, तेव्हा तू पाट टाकायचीस तिथेच मीही टाकला. तू एकेक चिकू हातात घेऊन अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडायचीस. खाली हिरवं दिसलं की तोडणाऱ्याची खरडपट्टी, पिवळसर दिसलं की चिकू खोक्यात. लहानपणी मला वाटायचं, तू चिकूंना गुदगुल्या करतेस.

तुझ्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल चट्टे उठले, तेव्हा गजकर्ण म्हणून दोन वर्षं तू मलमं चोळलीस. मग २०१४ साली मुंबईच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासायला घेतला. काही निघालं नाही. पुन्हा घेतला, तरी नाही. तू म्हणालीस, "चुकीच्या बाजूने खरवडत असतील." तिसऱ्या वेळी कळलं. कातडीचाच कॅन्सर, पण क्वचित कुणाला होणारा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कातडीत येऊन बिघडतात, तो. डॉक्टर शांतपणे समजावत होते. हा हळू चालतो, मुळापासून जाईलच असं नाही, पण दाबून ठेवता येतो. आधी मलम आणि लाईट, त्याने नाही भागलं तर सगळ्या अंगाला रेडिएशन, त्याच्याही पुढे इंजेक्शनं. तू लाईट निवडलीस, कारण ती वापीला मिळत होती आणि जेवायला घरी परतता येत होतं.

तिथे कातडीला उजेड जास्त लागावा म्हणून गोळी घेऊन दिव्यांच्या कपाटाएवढ्या पेटीत उभं राहायचं, आणि मग दिवस मावळेपर्यंत काळा गॉगल लावायचा. डोक्यावर पदर, डोळ्यांवर गॉगल अशी तू स्टेशनातून चालत येते आहेस आणि शेजारची काकी ओट्यावरून म्हणते आहे, "हिरोईन आली गं, वाट द्या." तू मान उडवून पुढे जातेस. तुला ते आवडायचं, मला ठाऊक आहे.

चट्टे फिके पडायला लागले तशी तुला घाई झाली. उजेडानेच बरं होतंय, तर आपल्याकडे उजेड काय कमी आहे? वापीहून आलीस त्याच दुपारी मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चिकूच्या चकत्यांशेजारी, पाठ उघडी टाकून बसलीस. दोन दिवसांत पाठभर फोड. डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्या दिवशी उन्हात जायचं नाही, सांगितलं होतं ना?" तू म्हणालीस, "मी कुठे गेले? घरीच तर होते." ते रागवायचं विसरून हसले. पण लाईट थांबली, आणि पुढे चट्ट्यांच्या गाठी व्हायला लागल्या.

मग रेडिएशनचं बोलणं निघालं. केस जातील, नखंही गळतील, पण परत येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. केसांचं तुला काहीच वाटलं नाही. "नखं कधी येतील?" एवढंच विचारलंस. मला वाटलं, आता तू मोसम संपेपर्यंत रेडिएशन लांबवणार. भीतीने माझा आवाज चढला, "चिकू मोठे की जीव मोठा?" तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "अगं, विचारलं फक्त."

नखं गळली. तुझी बोटं तान्ह्या बाळाच्या बोटांसारखी मऊ झाली, कशालाही लागली की दुखायची. तरी तू ढिगापाशी येऊन बसलीस आणि मला शेजारी बसवलंस. माझा अंगठा आपल्या मुठीत धरून माझ्या नखाने चिकू खरवडायला लागलीस. मी जोर केला की म्हणायचीस, "हळू, सोलायचा नाहीये त्याला." त्या पडवीतल्या दुपारींइतकी सुखी मी नंतर फारशी झाले नाही, आई.

नखं परत आली, पातळ, पण आली. दोन मोसम तू स्वतः चिकू पाहिलेस. २०१८ला गाठी पुन्हा उठल्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुचवली, थोडं रेडिएशनही पुन्हा देता येईल म्हणाले, फायदा किती ते मात्र सांगता येत नव्हतं. तू म्हणालीस, "आता नको. दोन मोसम मिळाले." मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही. तू मात्र रोज विचारायचीस, "जेवलीस का?" पुढच्या मोसमाला तू नव्हतीस.

हे लिहिलेलं माझ्यापाशीच राहील. शाळेतल्या पोरी विचारतात, "बाई, तुमचं एकच नख का वाढलंय?" मी सांगते, चिकू बघायला. ते खोटं आहे. चिकू आता मुकादम बघतो, आणि मला एका ओरखड्यात हिरवं-पिवळं अजून कळत नाही. ते नख तू मुठीत धरायचीस, म्हणून कापवत नाही.