राचप्पाचा हात

सोलापूर, पौष, शुक्रवार संध्याकाळ

गड्ड्याची जत्रा तोंडावर आली आणि नाटक मंडळीचं हँडबिल अजून अर्धंही जुळलेलं नाही. आज माझ्या छापखान्यात दिवसभर काम रखडलं.

मेहुणा पुण्याहून आला आणि त्याने पेटीतल्या अक्षरांच्या खिळ्यांची घरं बदलली. जास्त लागणारी अक्षरं हाताशी, कमी लागणारी लांब. त्यात चूक काय? त्याचा स्वतःचा हात भराभर चालतो. पण राचप्पा माझा जुना जुळारी. गप्पा मारत, खिडकीबाहेर बघत ओळी जुळवायचा. नव्या मांडणीत त्याचा हात जुन्याच घरात जायचा आणि भलतंच अक्षर उचलायचा. महिनाभर वाट पाहिली. शेवटी काल मेहुण्याशी भांडून मीच सगळं पहिल्यासारखं लावून दिलं. वाटलं, सुटलो.

आज बघतो तर राचप्पाचा हात पेटीवर अधांतरी थांबतोय. एकेका खिळ्यासाठी!

"राचप्पा, आता काय झालं? तुझंच जुनं दिलं की परत."

"व्हय मालक. पर मधी नवं बी थोडं शिकलो की. आता हात कुटंच जाईना. आदी बगावं लागतंय."

रागवू तरी कुणावर? भांडून निघून गेलेल्या मेहुण्याला परत बोलवू? पुन्हा बदललं तर उरलंसुरलंही जाईल, अशी धास्ती वाटते.

निघताना राचप्पा टोपी घ्यायला खुंटीकडे वळला. छापखाना काढला तेव्हापासून त्याची टोपी त्याच खुंटीवर असते. तरी हात तसाच वर थांबला. आधी त्याने नीट बघितलं, मग टोपी काढली.