एका नावाची एकच ओळ

सोमवार, १३ जानेवारी

पोचलो एकदाचा. होडीतून उतरताना बॅग तळ्यात जाता जाता वाचली. धक्क्यावर कपडे धुणाऱ्या बायका खदखदून हसल्या आणि मीही हसलो. सान मातेओ चुआया हे गाव पाण्यापासून जे चढायला लागतं ते थांबतच नाही. आरोग्य केंद्र पार वर, निळ्या भिंतींचं. मागच्या खोलीत माझी खाट. पुढच्या खोलीत टेबल, संगणक आणि रुग्णांसाठी भिंतीलगत लांबलचक बाक. खिडकीतून तळं आणि पलीकडचे ज्वालामुखी दिसतात. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, एस्तुआर्दो, आधी स्वेटर घाल.

केंद्र चालतं ते परिचारिका तोमासाच्या जिवावर. डॉक्टर अधूनमधून उगवतात. तिनं मला काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याच्या गरम भाकऱ्या वाढल्या आणि विचारलं, तुम्ही इंजिनियर का? मी म्हटलं, छे, नुसता संगणकवाला. ती म्हणाली, चष्मा आहे ना, मग इंजेच. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरंसुद्धा 'इंजे, इंजे' करत मागे लागली होती.

काम सोपं आहे. औषधं महिन्याला एकदा जिल्ह्याहून शीटप्रमाणे येतात. ज्याची ओळ त्याची पिशवी. गेल्या वर्षी शीटमध्ये दुबार नावांचा सुळसुळाट झाला आणि जिल्ह्याचे साहेब दॉन रोमेओ यांना वरून बोलणी बसली. म्हणून मला पाठवलंय. निघताना त्यांनी बजावलं, एक नाव, एक ओळ. कुणी दुसऱ्यांदा नाव घालायला गेला तर यंत्रानंच त्याचा हात धरला पाहिजे.

मंगळवार, १४ जानेवारी

नियम बसवला. नाव, आडनाव आणि वस्ती हे तिन्ही जुळलं की यंत्र टण्ण वाजतं आणि चौकटीत मी लिहिलेलं वाक्य येतं: 'ही व्यक्ती आधीच आहे.' तोमासाचं नाव दुसऱ्यांदा घालून दाखवलं. टण्ण झाल्यावर ती दचकली आणि म्हणाली, अगंबाई, मग ही इथं उभी आहे ती कोण?

खरं तर जन्मतारीखही धरायला हवी होती. पण तो रकाना अर्धा रिकामा आहे, आणि भरलाय तिथं सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा. खरी तारीख हवी तर घरोघर फिरावं लागेल, तेही या चढावर. म्हणून सोडून दिला. मग जुनी शीट एका झटक्यात साफ केली. अशा वेळी यंत्र वरची ओळ ठेवतं आणि खालची काढून टाकतं.

चहा पिता पिता तोमासा सांगत होती की इथं नातीला आजीचं नाव ठेवतात, नातवाला आजोबांचं. नुसतं नाव नाही, जागाच देतात. म्हातारं माणूस गेलं तरी गेलं असं होत नाही, त्याचा बदली माणूस घरात खेळत असतो. मी म्हटलं, मग तर प्रश्नच मिटला, माणूस एकच असेल तर ओळही एकच पुरे. यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

शुक्रवार, १७ जानेवारी

दॉन रोमेओंचा फोन. शीट पाहून खूश होते. म्हणाले, शाब्बास मुला, एकही दुबार नाही, हीच फाईल मी सगळ्या केंद्रांना दाखवणार. माझे कान तापले. आईला लगेच कळवलं. तोमासानं चढावरच्या दुकानातून गोड पाव आणला.

बुधवार, २२ जानेवारी

आज एक गोष्ट झाली. मोठी नाही.

एलेना सिकाय नावाची बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला आकडी येते, रोज सरबतासारखं औषध घ्यावं लागतं. बाटली संपत आली होती. नाव सांगितलं, पेत्रोना सिकाय. घातलं तर टण्ण. एलेना म्हणाली, ती माझी आई हो, रक्तदाबाच्या गोळ्यावाली. हीसुद्धा पेत्रोनाच, आम्ही हिला तोना म्हणतो. त्या घरात पुरुष टिकलेच नाहीत, त्यामुळे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या सिकायच.

म्हणजे त्या मंगळवारी शीट साफ करताना खालची ओळ म्हणून मी जिला काढलं ती हीच. खालच्या ओळी सगळ्या नंतर आलेल्यांच्या, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. नंतर आलेली म्हणजे लहान मुलं.

मागं रांग होती. तोना बाकावर पाय हलवत बसली होती आणि माझ्या चष्म्याकडे बघून हसत होती. नियम तिथल्या तिथं काढता आला असता. पण यादी जिल्ह्याला गेली होती, आणि आता दुसरी पेत्रोना घालायची तर दॉन रोमेओंना सांगावं लागलं असतं की नियमच चुकलाय. मी एलेनाला म्हटलं, औषधांची गाडी उशिरा येणार आहे, पुढच्या आठवड्यात बघू.

असली कुठलीच गाडी नव्हती. एलेना 'देव तुमचं भलं करो' म्हणून गेली. तोमासानं ऐकलं. ती बाटल्या पुसत राहिली.

सोमवार, २७ जानेवारी

एलेना पुन्हा आली. पुन्हा गाडी उशिरा. खोटं दुसऱ्यांदा बोलताना पहिल्याइतकं जड जात नाही, हे कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

ओळ पुसली गेलेली अशी मुलं आणखीही आहेत. पण बाकीच्यांचं खोकल्यातापाचं आहे, महिनाभर चालून जाईल. तोनाचं चालणार नाही. दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवून दिला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

तोनाला बाजारात आकडी आली. टोमॅटोच्या टोपलीवर पडली, कपाळ फुटलं. तोमासानं टाके घातले. मी मागच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही. दारामागं उभा राहून ऐकत होतो.

नंतर तोमासा आत आली आणि म्हणाली, इंजे, त्या दिवशी चहा पिताना आपण दोघं हसलो होतो. एवढंच म्हणाली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज नान पेत्रोना आली. म्हाताऱ्या बाईला इथं मानानं नान म्हणतात. नुकतीच न्हालेली, केसांत नवी फीत, ठेवणीतला जांभळा हुइपिल, म्हणजे हातमागाचा सैल झगा, अंगात. एवढा चढ एकटी चढून आली होती. धाप लागलेली असूनही आधी माझ्या आईची चौकशी केली.

मग म्हणाली, पोरा, तुझं यंत्र म्हणतं की आम्ही दोघी एकच आहोत. खोटं नाही ते. जागा एकच असेल तर मला काढ आणि तिला घाल. मी तशीही निघालेलीच आहे.

मी म्हटलं, नान, असं नसतं, पुढच्या महिन्यात नवी ओळ करतो. ती म्हणाली, पुढच्या महिन्यापर्यंत तिचं डोकं टिकायचं नाही. आणि तुझ्या साहेबालाही तुला काही सांगावं लागणार नाही, नाही का?

तिला ठाऊक होतं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी सांडलवंड केलेल्या पोराकडे बघतात.

आणि मी ते केलं. नाव तेच राहिलं. वय अडुसष्टचं सहा केलं, गोळ्यांच्या जागी आकडीचं औषध. टण्ण झालं नाही. ओळी तेवढ्याच राहिल्या. दॉन रोमेओंना कळवलं की टायपिंगची चूक दुरुस्त केली. नानच्या गोळ्यांचं पुढं काय, हे मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नान पेत्रोना गेली. भाकऱ्यांचं पीठ भिजवून जरा टेकली ती उठलीच नाही.

मी दफनाला गेलो नाही. ताप आलाय असं सांगितलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

औषध आलं. मीच पोचवायला गेलो, तेवढं तरी करावं म्हणून. एलेनानं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, औषध नको, आकडी आईच्या दफनापासून आलेली नाही. तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

तोना चुलीपाशी बसली होती. पाय हलत नव्हते. तिनं वर बघितलं आणि माझ्या आईची चौकशी केली.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाजारात तोना दिसली. कमरेवर हात ठेवून, दम खात चढत होती. टोमॅटो दाबून बघत होती आणि विकणारीला म्हणत होती, अगं, तुझ्या लग्नात मी भाकऱ्या थापल्यात, मला काय भाव सांगतेस! बाई हसली. मग हसायची थांबली.

एलेना संध्याकाळी आली. सांगत होती की ही मला 'पोरी' म्हणते. उसळीत मीठ जास्त झालं म्हणून रागावते. खेळायला जा म्हटलं तर म्हणते, गुडघे दुखतात. मग तिनं विचारलं की आईला काढून तोनाला घातलं, की तोनाला काढून आईला?

मी नाव एकच ठेवलं होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी बाक भरलेला. सगळे म्हातारे. न्हाऊन आलेले, इस्त्रीचे कपडे, टोप्या मांडीवर. तोनाची आकडी थांबल्याचं गावभर झालंय. प्रत्येकाला आपल्या नातवंडासाठी जागा करून द्यायची आहे. भांडण नाही, घाई नाही. तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी.

नाही म्हटलं. हात जोडले. ते म्हणाले, थांबतो आम्ही, इंजे, तुम्ही दमलात.

ते माझ्याशी इतके चांगले का वागतात?

बुधवार, १२ फेब्रुवारी

दॉन रोमेओंना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला लागलो. ते म्हणाले, अरे, नम्रपणा पुरे, फाईल सगळ्या केंद्रांत बसली, तुझ्या नावानं. मी म्हटलं, नियम चुकीचा आहे, मुलं गळतायत. रेंज गेली की त्यांनी ठेवला, माहीत नाही. पुन्हा लावला नाही. लावायला हवा होता.

जुनी ओळ परत आणायला बघितलं. यंत्र एवढं मागं जात नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एलेना टेबलासमोर उभी. रडत नव्हती. म्हणाली, तुम्ही दोघींची एक केलीत, आता एकीच्या दोघी करा. माझी तोना वेगळी लिहा.

नियम काढून टाकला. पहिल्या दिवशी काढता आला असता, इतकं सोपं होतं. तिच्यासमोर नवी ओळ केली. पेत्रोना सिकाय. वय सहा. यंत्र गप्प राहिलं.

एलेनानं पडद्यावरच्या त्या नावाला बोट लावलं.

तोमासा दारातून म्हणाली, इंजे, हे कुणासाठी लिहिलंत? त्या नावाची पोरगी तर घरी बसलीय. मग ही जागा कुणाची?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी एलेना धावत आली. घरामागं कुणीतरी आई म्हणून हाक मारतंय. तोनाचा आवाज. अगदी तोनाचा. आणि त्याच वेळी घरातली तोना चुलीपाशी, तिच्यासमोर, गप्प बसलेली.

ओळ पुसली. पुसली जाते आणि — परत तिथंच असते.

दुपार

तळ्यावरून वारा उठलाय. एलेना मुलीला घेऊन इथं आली, घरी थांबवेना म्हणे. तोमासा प्रार्थना पुटपुटतेय. आम्ही मागच्या खोलीत, दाराला आतून खाट लावलीय. म्हातारे पुढच्या खोलीत बाकावर होते, ते पांगले. बोलत होते, एकदम गप्प झाले आणि —

दार वाजतंय. खूप खाली. लहान मुलाचा हात पोचतो तिथं.

आई, उघड ना, म्हणतंय. एलेना उठलीय.

तोनानं — नान पेत्रोनानं — माझं मनगट धरलंय. बारीकसा हात, पण पकड म्हातारीची. म्हणते की तोना गेलेली नाही, माझ्याखाली झोपलीय, हळूहळू उठेल, मी जागा करून देणारच होते. बाहेर आहे ते भलतंच आहे. बिननावाचं फिरत होतं, तू त्याला नाव दिलंस. पोरीला सांग, उघडू नको. माझं ती ऐकायची नाही, मी तिची आई वाटत नाही तिला आणि लेकही नाही. तू सांग.

लिहितोय कारण लिहिलं की वर बघावं लागत नाही.

एलेनानं खाट सरकवली. तोमासा ओरडतेय. एलेना माझ्याकडे वळून विचारतेय की ही माझीच तोना आहे ना, तुम्हीच लिहिलीत ना, इंजे? मी नाही म्हणायला हवं. आत्ता. पण दोनदा गाडी उशिरा म्हटलं ते याच तोंडानं, आता हिला कुठल्या तोंडानं सांगू की मी जे लिहिलं ते —

कडी काढली. ती म्हणतेय, बघा, किती गार पडलेत हिचे हात, आणि ते जे काही आहे ते तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघतंय —