आत्याबाई विकायची नाही

मंगळवार, ९ नोव्हेंबर

भावजी,

आशीर्वाद. घोटभर पाणी प्या, नीट बसा आणि मग पुढचं वाचा. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या धाकट्या लेकीचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. मांजरीला पिल्लं झाली आहेत, तीही शेडमध्येच, ट्रकच्या पुढच्या सीटखाली. शेजारच्या बाई अजून त्यांच्या ओल्या चादरी माझ्या भिंतीवर टाकतात आणि मी अजून त्यांच्याशी भांडते. एकूण सगळं जागच्या जागी आहे.

फोन न करता पत्र का लिहितेय, तर फोनवर तुम्ही “हो वहिनी, हो वहिनी” म्हणता आणि मग मनात असेल तेच करता. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी रविवारच्या प्रकाराबद्दल. आलेल्या माणसाच्या हातातून पाना हिसकावून घेणं शोभलं नाही, असं तुम्ही निघताना म्हणालात. आपली गाडी विकत घ्यायला आलेल्या हॉटेलवाल्या साहेबांचा ड्रायव्हर बिचारा चाक काढून ब्रेक बघणार होता आणि मी दारातून ओरडत आले, हे खरं. “अरे मूर्खा, मरशील!” असं म्हणाले, हेही खरं. त्यावर तुम्ही म्हणालात, “वहिनी, तुम्ही आत जा, चहा टाका.” मी गेले. चहा टाकला. साखर टाकली नाही, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता ऐका. आपली गाडी महायुद्धातली, ब्रिटिश लष्कराची. तिचं चाक म्हणजे दोन लोखंडी ताटल्या एकमेकींना नटांनी आवळलेल्या आणि त्यांच्यावर टायर. मधल्या रिंगणातले नट काढले की अख्खं चाक बाहेर येतं. बाहेरच्या रिंगणातले, लाल रंगवलेले नट काढले की त्या दोन ताटल्याच सुटतात. टायरमध्ये हवा असताना कुणी ते काढायला गेलं, तर वरची ताटली उडून थेट त्याच्या तोंडावर येते. म्हणून ते लाल. त्या माणसानं पाना लाल नटालाच लावला होता. त्याच्या घरी कुणी वाट बघणारं असेल, म्हणून ओरडले. बिनसाखरेचा चहा मात्र खास तुमच्यासाठी होता.

बाकी, गाडी द्यायची तर इतक्यात जमेल असं दिसत नाही. कार्बोरेटर खोलून ठेवलाय, बॅटरी उतरली आहे, ताडपत्रीची एक शिवणही उसवली आहे. थंडी ओसरली की बघू.

बुधवार

इथवर लिहून पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात तुमचा निरोप आला. “रविवारी सकाळी क्रेन येतेय. काळजी नको, फक्त किल्ली काढून ठेवा.”

भावजी, आत्याबाईला किल्ली नाही! नुसता एक खटका आहे. इतकी वर्षं तुम्ही त्या गाडीत बसलात, तिच्यासोबत फोटो काढलेत, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलीत आणि तिला किल्ली नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. ह्यांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसला होता. न बोलावता आली, एकदा रुसली की अंगणातून हलत नाही आणि घरात सगळ्यांत जास्त तिचंच ऐकावं लागतं. तिच्याबद्दल तुम्हाला तेवढंच माहीत.

तेव्हा काल लिहिलेली कारणं रद्द समजा. कार्बोरेटर जागेवर आहे. बॅटरी भरलेली आहे. शिवण उसवलेली नाही. माझी शिवण उसवत नसते. मी काल गुळमुळीत लिहिलं कारण मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. आज इलाज नाही. गाडी मी देणार नाही. क्रेन आली तरी नाही, आणि तुम्ही धाकटीला मध्ये घालून समजूत काढायला पाठवलंत तरी नाही.

हॉटेलच्या दारात तिचं काय होणार, ते त्या साहेबांनी तुमच्यासमोरच सांगितलं. फरशीवर तेल गळायला नको म्हणून इंजिन काढून टाकणार. मागच्या हौद्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवणार. आणि पुढे पितळी पाटी, तुमच्या दादांच्या नावाची: “या गाडीला पुन्हा जिवंत करणारे हात.” पाटीचं सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. मला ते कळतं. सासरे लवकर गेले, तुम्हाला दादांनीच वाढवलं. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस, असं तुम्ही अजून चारचौघांत सांगता. ऑफिसात मोठमोठे नकाशे काढणारा तो हात तुम्ही लहानपणी शेजारी बसून बघितलात.

भावजी, तो हात थरथरायला लागला होता.

हे मी तुम्हाला सांगणार नाही असं ह्यांना वचन दिलं होतं. ते मोडतेय. वर गेल्यावर काय जाब द्यायचा तो मी देईन. भांडायची सवय दोघांनाही आहे.

सुरुवात चहाच्या कपापासून झाली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तेव्हा आत्याबाई सुट्या भागांत होती, गिअरबॉक्स एकीकडे, इंजिन दुसरीकडे, शेडभर रॉकेलचा वास. मी तोवर फक्त पाने हातात द्यायचे आणि ताडपत्री शिवायचे. एका दुपारी हे एक नट लावत होते. पडला, उचलला, पुन्हा पडला. मग पाना भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी नट उचलला आणि लावला.

“वाकडा लावलास,” हे भिंतीकडे बघतच म्हणाले.

“न बघता कसं कळलं?”

“आवाजावरून.”

मी काढून पुन्हा लावला. तिथून पुढे हे स्टुलावर आणि मी गाडीखाली. हे सांगायचे, मी करायचे. ओरडायचेही. “अगं, शिवणाचं मशीन नाही ते!” मी म्हणायचे, “मशीनच आहे, फक्त तेल जास्त पितं.” इंजिन मी बसवलं. गिअरबॉक्स मी बसवला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा एक वायसर बाहेर राहिला आणि तो आम्हाला मांजरीच्या ताटलीत सापडला. ह्यांना प्रदर्शनासाठी अख्खं चाक हिरवं हवं होतं, लाल नट डोळ्यांना खुपतात म्हणाले. मी ऐकलं नाही. लाल केले. त्यावरून घरात अबोला झाला, पण ते नट आजही लाल आहेत.

तुम्ही यायचात तेव्हा मी हात धुऊन आत जायचे आणि हे हात मागे बांधून गाडीजवळ उभे राहायचे. “दादा, कमाल आहे तुमची,” तुम्ही म्हणायचात. मग माझ्याकडे वळून, “ताडपत्री मात्र वहिनींची हं!” तुम्ही मनापासून म्हणायचात, पण मला त्या “मात्र”चा राग यायचा.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ह्यांना ढाल मिळाली तो फोटो तुमच्या दिवाणखान्यात आहे. आता उठा आणि जवळून बघा. ह्यांचे दोन्ही हात खिशात आहेत. माईकवरचे गृहस्थ म्हणाले, “या हातांना सलाम!” आणि ह्यांनी हात खिशात घातले. लोकांना वाटलं, काय हा विनय. आता माझ्याकडे बघा. मी हात पर्सच्या मागे धरलेत, कारण माझी नखं काळी होती. ढाल तुमच्याच हातात आहे. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला रडू येत होतं. ते आनंदाचं नव्हतं. त्या टाळ्या माझ्या होत्या, भावजी, आणि मला त्या हव्या होत्या.

आणि त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. तुम्ही मागे हौद्यात उभे होता आणि मेळाव्यात उतरल्यावर सगळ्यांना हसून सांगितलंत, “आमच्या वहिनी इतक्या घाबरल्या की सबंध रस्ता गिअरचा दांडा धरून बसल्या होत्या!” अजूनही लग्नकार्यात तुम्ही तो किस्सा सांगता.

मी गिअर टाकत होते.

स्टिअरिंग ह्यांना जमायचं. घट्ट धरलं की हात शांत राहायचे. पण दांडा पकडायला हात सुटला की थरथर. आपल्या गाडीला क्लच दोनदा दाबावा लागतो, गिअर काढताना एकदा, टाकताना एकदा, आणि त्यातली वेळ चुकली की ती दात खाते. म्हणून क्लच ह्यांचा आणि गिअर माझा. क्लच दाबला की हे “हं” म्हणायचे. मी काढायचे. पुन्हा “हं”. मी टाकायचे. बाजारातून, चढावरून, पुलावरून आम्ही तशी गाडी नेली आणि एकदाही दात वाजला नाही. सबंध संसारात आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

हे गेल्यावर मी उजव्या सीटवर बसायला लागले. मागच्या बंद गोदामाच्या आवारात सराव करते. गेल्या महिन्यात तुम्ही अचानक आलात आणि गाडीखालून माझे पाय दिसले म्हणून केवढ्यानं किंचाळलात! “वहिनी गेल्या!” मी ग्रीस भरत होते. तेव्हापासूनच तुमच्या डोक्यात हॉटेल आलं, हे मला समजतं. एकटी बाई, हे वय, ही अवजड गाडी. तुमची काळजी खरी आहे, पण तिच्यासाठी माझ्या गाडीचं काळीज काढून तिथे कुंड्या ठेवू देणार नाही.

सुरुवातीला आत्याबाई माझ्याजवळ फार दात खायची. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तर हमखास. हात बरोबर, पाय बरोबर, तरी गिअर पडेना. मग एक दिवस लक्षात आलं की मी वाट बघत होते. ह्यांच्या “हं”ची. त्या दिवशी गाडी तिथेच बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले. मग डोळे पुसले, हँडल मारलं आणि स्वतःच मोठ्यानं “हं” म्हटलं. गिअर पडला. आता रोज पडतो.

या रविवारी पुन्हा मेळावा आहे. मी नाव दिलं आहे. गाडी कुणी उभी केली, या रकान्यात पहिल्यांदा माझं नाव लिहिलं आणि खाली ह्यांचं. ह्यांनी मला एकदा म्हटलं होतं, “ढाल अर्धी तुझी.” तेव्हा मी “अर्धीच?” म्हणून भांडले होते. आता अर्धी ह्यांना मी देतेय.

क्रेनवाल्याला नाही म्हणून कळवा. तरी आलाच, तर त्याला फाटकासमोर उभं राहू नका म्हणून सांगा, कारण मी बाहेर पडत असेन. पितळी पाटी करायला टाकली असेल तर तीही थांबवा. ती बघून हे जिथे असतील तिथे पुन्हा हात खिशात घालतील.

तुम्ही मात्र या. नक्की या. डावी सीट रिकामी आहे आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं मला आवडणार नाही. दांडा तुमच्या गुडघ्याजवळ येईल, त्याला हात लावायचा नाही. चढावर भीती वाटली तर दाराची कडी घट्ट धरून बसा. मी कुणाला सांगणार नाही.

हं.

तुमची वहिनी