हार घातलेला नळ

मस्तगड, जालना
ता. ९ फेब्रुवारी १९४१

तीर्थरूप अक्कास,
नरहरीचा शि. सा. नमस्कार.

अक्का, दहा वर्षांत आमचं जालना ओळखू येणार नाही इतकं बदललं. स्टेशनाकडे विजेचे दिवे लागले, नव्या जालन्याचा रस्ता पक्का झाला, आणि आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळ! तोटी अस्सल पितळेची. मिस्त्रीनं पाणी सोडूनही दाखवलं.

पण उद्घाटनाशिवाय कुणी घागर लावायची नाही, असं काकासाहेबांनी गल्लीच्या बैठकीत ठरवलंय. हैदराबादचे एक बडे साहेब यायचे आहेत. तोवर तोटीला लाल फीत बांधून हार घातलाय. मानपत्र मीच लिहितोय, त्यामुळे फुरसत बिलकुल नाही.

उमा बरी आहे. सातवा लागला. पाणी सध्या बारवेवरूनच आणते.

कृपादृष्टी आहेच, ती वाढावी.
नरहर


टेंभुर्णी
ता. १४ फेब्रुवारी १९४१

चि. नरहरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. पाणी दारात आलंय, त्याला तुम्ही हार घालून बसलात आणि पोटुशी बाई बारवेच्या पायऱ्या उतरतेय! मागच्या खेपेला ती त्याच पायऱ्यांवर पडली आणि पोटातलं गेलं, हे विसरलास? तेव्हाही तू मला, पुढच्या वर्षी नळ येतोय, असंच कळवलं होतंस. अरे, साहेबांना काय तहान लागलीय तुमच्या नळाची?

बिचारीला माहेरी कुणी उरलं नाही. आमचा गडी रखमाजी बैलगाडी घेऊन येतोय. न्हाई म्हटलं तरी वहिनीला घेऊनच येतो, असं तो मला सांगून निघालाय. बाळंतपण इथं होईल. मानपत्रात शाई कमी पडली तर कळव, पाठवते.

जेवणाची आबाळ करू नकोस.
अक्का


मस्तगड, जालना
ता. २५ फेब्रुवारी १९४१

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. नमस्कार.

उमा सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे माझे हाल विचारू नकोस. त्या बारवेच्या पायऱ्या किती उभ्या आहेत, सांगून खरं वाटायचं नाही! खांदा सुजला, कंबर धरली, कचेरीत रोज उशीर. साहेबांचा दौरा पुन्हा पुढे गेला.

शेवटी काल मीच बैठक बोलावली. लोकांचे असे हाल होत असताना कुणाची वाट पाहत बसणं बरोबर नाही, असं ठणकावून सांगितलं. काकासाहेब जरा कुरकुरले, पण बाकी सगळ्यांना जल्दी पटलं. फीत मीच कापली. पहिली घागर माझी! गल्लीत माझं नाव झालं.

आता उमाला पाठवून दे. घर खायला उठतंय.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.
नरहर


टेंभुर्णी
ता. ३ मार्च १९४१

चि. नरहरीस आशीर्वाद.

तुझं पत्र उमाला वाचून दाखवलं. आधी ती पोट धरून हसली. मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बसली.

संध्याकाळी तिला म्हटलं, नरहर बोलावतोय, काय कळवू? तिनं तुला कळवायला सांगितलंय की, बाळंतपण होऊन मूल रांगायला लागेपर्यंत ती काही येत नाही. तिचं म्हणणं, ती तिथून गेल्यावर नळ लागलीच सुरू झाला. आणखी थोडे महिने इथंच राह्यली, तर गल्लीतली गटारसुद्धा होऊन जाईल.

माझंही तेच मत आहे. राग आला तरी माया ठेव.
अक्का