दोन्ही बाह्या उजव्या

चिमणे,

आत्याचं शिवणाचं दुकान आवरताना आज कपाटाच्या तळाशी एक बाही सापडली. नवरीचा तो झगा आठवतो? दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या गेल्या होत्या. आत्यानं विचारलं, तेव्हा मी मिठाची गुळणी धरून बसले. तू सोळा वर्षांची, पण पटकन म्हणालीस, "आत्या, माझ्याकडून झालं." शिवाय उरलेल्या तुकड्यांना जोड देऊन नवी डावी बाही बसवलीस.

महिन्याभरात आत्यानं पुढचं शिकायला पाठवलं ते तुलाच. मी जळून खाक झाले. वर्षभर तुला 'पुढंपुढं करणारी' म्हणत होते. तू मात्र परत आलीस आणि शिकलेलं सगळं आधी मला शिकवलंस. आज माझ्या हाताला नाव आहे ते त्यामुळे.

या बाहीवरच्या खुणा निळ्या खडूच्या आहेत. निळा खडू माझा, तुझा पांढरा. म्हणजे आत्याला तेव्हाच कळलं होतं, पण तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर लगेच फोन करून म्हणशील, "ताई, त्या दिवशी निळा खडू मीच घेतला होता."

तुझी,
दोन उजव्या बाह्यांची ताई